आवाजाला पाचपैकी मार्क

मु. पो. वरवट बकाल,
ता. संग्रामपूर, जि. बुलडाणा.
रविवार, दुपार (भांडी पडली आहेत, पडू द्या)

तीर्थरूप पंजाबरावदादा,

तुमच्या पायांना इथूनच हात लावला आहे, पोचला असं समजा. सिंधूताईवहिनींना नमस्कार सांगा आणि त्यांच्या पित्ताचं काय झालं तेही कळवा (आवळ्याचं सरबत खरंच घेतात, की घेते म्हणतात?). मायचे गुडघे, तुमची साखर, अकोल्याचं पाणी, सगळ्यांची चौकशी एका दमात करून टाकते, कारण पुढे सांगायचं फार आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत. बोंडअळीही खुशाल आहे, आमच्यापेक्षा जास्तच.

कापूस कसा झाला हे तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते: झाला नाही. बियाणं बीटीचं, फवारण्या वेळेवर, झाडं डोक्याएवढी, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी पाय पसरून झोपलेली. तुमच्या जावयांनी (म्हणजे आमच्या ह्यांनी) शेवटी शेतात शेळ्या सोडल्या, कापसाची पऱ्हाटी उपटली, आणि त्या दिवसापासून तोंडच मिटलं. रागावले नाहीत, रडले नाहीत, नुसते गप्प. "वाढ", "पुरे" आणि "हाव" एवढ्या तीन शब्दांवर आमचा संसार चालला होता. मी मुद्दाम भाजीत मीठ घालायचं विसरले, तरी माणूस बोलेना. सासूबाई (अन्नपूर्णाबाई अजून तशाच आहेत, आवाजही तसाच) म्हणायच्या, "कोकिळे, याले कोनाची नजर लागली व." मी म्हटलं, नजर नाही, अळी लागली.

अशात एका सकाळी गावात एक जीप आली. तिच्या टपावर लोखंडी काड्या, आत वायरींचा गुंता, आणि मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसलेली एक मुलगी. आता अशी गाडी गावात आली की ती नुकसानीचा पंचनामा करायलाच आली, यात कुणाला शंका येणार? बघता बघता तिच्याभोवती अर्धं गाव गोळा झालं. जो तो आपली किडकी बोंडं तिच्यापुढे ओतू लागला. कडूबांनी तर (आपल्या शेजारचे कडूबा, मिशीवाले) अख्खं झाडच मुळासकट आणलं आणि तिच्या कॉम्प्युटरवर आडवं ठेवलं. एक अळी बटणांच्या फटीत शिरली. ती बिचारी "काका, मी शेतकी खात्याची नाही हो, मी फोनवाली आहे" असं ओरडत होती आणि कडूबा म्हणत होते, "फोनवाली असा का कोनीबी असा, आधी लिहून घ्या!" शेवटी तुमच्या जावयांनी पुढे होऊन चिमट्याने ती अळी काढली. तेवढ्या कौशल्यावर त्यांना नोकरी लागली. चेष्टा नाही, खरंच लागली. तिला गावचा माहीतगार माणूस हवाच होता, आणि राहायला जागाही. दोन्ही तिला आमच्याच घरी मिळालं.

मुलीचं नाव नाजिश. मलकापूरची, इंजिनिअर झालेली, खाण्यापिण्याची कटकट नाही, मला काकू म्हणते. तिचं काम असं, की आजकाल लोक साध्या फोनवर बोलतच नाहीत, नेटवरून बोलतात, तर त्या नेटच्या फोनची गर्दी किती, कुठल्या वेळेला, आणि आवाज कसा पोचतो हे मापायचं. मी म्हटलं, दूध मापतात, जमीन मापतात, आवाज कसा गं मापतात? तिने ओट्यावर बसून समजावलं. नेटवर आपला आवाज सलग जात नाही म्हणे. त्याचे बारीक बारीक पुडे बांधतात, ते पुडे वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा लायनीत लावतात. एखादा पुडा हरवला की शब्द खाल्ला जातो, उशिरा आला की तो फेकूनच देतात, आणि पुडे मागेपुढे झाले की माणूस नळातून बोलल्यासारखा वाटतो. कडूबा ऐकत बसले होते. ते म्हणाले, "मंग तोडून पाठोताच काऊन? अखंड पाठवा ना!" नाजिशने माझ्याकडे चहा मागितला. पुढे कडूबांचं नाव निघालं की ती हळूच चहा मागायची.

मापण्यासाठी तिच्याकडे दोन फोन. एक जीपमध्ये, एक आमच्या घरी. जीपमधल्या फोनातून टेप करून भरवलेली एक बाई वाक्य बोलायची, तेच तेच, दिवसभर: "आज बाजारात भाजी स्वस्त आहे." इकडच्या फोनात ते जसं ऐकू येईल तसं यंत्र पाचपैकी मार्क द्यायचं. यंत्राचं ठीक आहे, पण तो फोन सासूबाईंच्या खाटेजवळ ठेवलेला. पहिल्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, कोणत्या बाजारात? बाई म्हणाली, आज बाजारात भाजी स्वस्त आहे. सासूबाई म्हणाल्या, हाव वं माय, आयकलं, पन कोनत्या? असं बराच वेळ चाललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुमच्या जावयांना पिशवी देऊन संग्रामपूरला पिटाळलं. भाजी कसली स्वस्त, वांगी हात लावू देईनात. हे परत आल्यावर सासूबाईंनी त्या फोनातल्या बाईचा जो उद्धार केला तो यंत्राने पूर्ण ऐकला, आणि नाजिशच्या पुण्याच्या साहेबांनी विचारलं की ही पाठीमागे गडबड कसली?

दादा, इथे एक आतली गोष्ट सांगते, वहिनींना सांगा, बाकी कुणाला नको. एकदा भरवलेली बाई बंद पडली, तेव्हा नाजिशने तुमच्या जावयांना सांगितलं की काका, तुम्ही बांधावर जा आणि तिथून काकूंशी बोला, काहीही बोला, मला नुसता आवाज हवा. हे गेले. फोन वाजला, मी उचलला. बराच वेळ नुसता वारा. मग म्हणाले, "जेवली का?" मी म्हटलं, हो. मग पुन्हा वारा. मग म्हणाले, "पऱ्हाटी गेली तं वावर मोठं दिसून राह्यलं. पुढच्या साली इथं तूर टाकू. कडीले मका." आणि मग थांबेचनात. नाल्याचं बोलले, विहिरीचं बोलले, माझ्या हातातल्या बांगड्या वाढल्याचं (म्हणजे फुटल्याचं हो, तुम्ही घाबरू नका) त्यांना दिसलं होतं ते बोलले. समोर बसून महिनाभर जे बोलले नाहीत ते सगळं शेताच्या बांधावरून बोलले. मी पदर तोंडाला लावून बसले. नाजिशने विचारलं, काकू, कसा होता आवाज? मी म्हटलं, बाई, मला काही ऐकू आलं नाही, पण पाच लिही. तिने लिहिलं.

तिथूनच मार्कांचा घोळ सुरू झाला. यंत्राच्या मार्कांबरोबर माणसांचे मार्कही घ्यायचे असतात म्हणे. नेटवर बोलून झालं की विचारायचं, पाचपैकी किती? आता आपल्या गावाला आवाजाला मार्क द्यायचं कसं सुचावं? सासूबाई माझ्या नणंदेशी बोलल्या, आवाज घंटेसारखा, मार्क दिला एक. का, तर तिने गुडघ्यांची चौकशीच केली नाही. कडूबांचा फोन त्यांच्या जावयाशी बोलताना तीनदा तुटला, यंत्राने तोंड वाकडं केलं, कडूबांनी ठणकावून पाच दिले. का, तर जावई बैल मागणार होता तेवढ्यात तुटला. पुण्याच्या साहेबांचा निरोप आला, की या गावात जिथे काहीच ऐकू येत नाही तिथले लोक सर्वांत समाधानी कसे? नाजिशने डोक्याला हात लावला. मी तिच्या केसांना तेल लावून दिलं.

मग तिने गर्दी मापायला घेतली. कॉम्प्युटरवर दिवसभराची एक रेघ निघायची. सकाळपासून रेघ सपाट, आणि दिवेलागणीला एकदम सातपुड्यासारखा डोंगर. म्हणजे त्या वेळी सगळं गाव एकदम नेटवर, टॉवरचा जीव गुदमरतो आणि कुणाचंच नीट ऐकू येत नाही. ती बिचारी परोपरीने सांगत होती की मला फक्त भार दिसतो, कोण कुणाशी बोलतो ते दिसत नाही. गावाचा विश्वास बसेल तर शपथ! दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर एकेक जण कबुली द्यायला येऊ लागला. सरपंचबाईंचा मुलगा प्रेम आला. (त्याचं लग्न धामणगाव बढेच्या पुष्पांजलीशी ठरलं आहे, पत्रिका तुम्हाला येईल.) तो म्हणाला, "मॅडम, त्या डोंगरात माहा किती हाय? कमी करता येते का? मायले नोका सांगू." त्याची माय त्याच्या आधीच येऊन गेली होती. ती माहेरी बोलत असते आणि सासूला कळू द्यायचं नव्हतं.

आणि एक दिवस सरवरीभाभी आल्या. त्यांचे मालक रहेमतुल्लाभाई पिंजारी तुम्हाला आठवत असतील, माझ्या लग्नातल्या गाद्या त्यांनीच भरलेल्या. त्यांचा जाकीर कुवेतला गाडी चालवतो. फिजा, त्याची बहीण, तिचा निकाह ठरलेला, पण तारीख धरेनात, कारण भाभींचं म्हणणं, भाऊ आल्याशिवाय मुलीची पाठवणी करणार नाही. मुलाकडचे घाई करत होते. जाकीरला फोनला सवड मिळायची ती नेमकी आपल्या दिवेलागणीलाच, आणि त्या वेळी आवाज असा यायचा की डब्यात खडे हलवावेत. सुट्टीचं विचारलं की एवढंच ऐकू यायचं: "छुट्टी… नहीं… मिली." भाभी ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "कोकिळाबाई, तो आवाज माह्या पोराचा नाही. कोनी तरी दुसराच बोलून राह्यला. माहा जाकीर कुठं हाय, काय झालं त्याले, कोनी सांगत नाही मले." त्यांनी गेले कित्येक दिवस त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. फोन आला की रहेमतुल्लाभाईंच्या हातात देऊन आत जायच्या. फिजा दारातून बघत असायची. आपल्यामुळे आईचं असं झालं, असं तिने मनाला लावून घेतलं होतं.

नाजिशने यंत्र लावून पाहिलं. कुवेतकडून येणारे पुडे ठीक येत होते, पडत होते ते आमच्याच टॉवरशी, त्या डोंगरात. ती म्हणाली, "चाची, अहवाल जाईल, कंपनी टॉवर वाढवेल, पण त्याला वेळ लागेल." भाभी उठल्या आणि निघाल्या. त्यांची पाठ मला बघवेना. मी म्हटलं, नाजिश, डोंगर माणसांचाच आहे ना? मग तो खाली उतरवता येईल की!

तर दादा, तुमची बहीण घरोघरी फिरली. उद्या दिवेलागणीला सगळ्यांनी फोन बंद ठेवायचे, सरवरीभाभींना पोराशी बोलायचं आहे. बायकांनी लगेच हो म्हटलं. प्रेम म्हणाला, एक दिवस फोन केला नाही तर पुष्पांजली लग्न मोडेल. मी म्हटलं, तिला दुपारी दोन वेळचं एकदम बोलून घे. मला वाटलं कडूबा आता भांडणार, तर ते म्हणाले, "एक दिवस काऊन? मी महिनाभर बंद ठेवतो, फक्त जावयाले तू सांग."

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात भाभी, रहेमतुल्लाभाई, फिजा, आणि न बोलावलेलं सगळं गाव. कॉम्प्युटरवर डोंगर उतरू लागला, पण एक टेकडी काही केल्या जाईना. नाजिश म्हणाली, कुठेतरी अजून बरेच चालू आहेत. मी तशीच निघाले. चहाच्या टपरीवर सगळे पुरुष शहाण्यासारखे बसलेले, फोन बाकावर पालथे. मी एक उलटा केला. क्रिकेट! म्हणे, "वहिनी, बंदच हाय, आम्ही पाहून कुठं राह्यलो, नुसतं आयकून राह्यलो." सगळे फोन ओच्यात घेऊन आले. घरी येते तर सासूबाई गोधडीत तोंड घालून कीर्तन बघताहेत! त्यांचं म्हणणं, देवाचं मोजत नसतील. तोही घेतला.

फोन वाजला. भाभींनी उचलला, नाजिशने आवाज मोठा केला.

"हेलो, अम्मी."

भाभी फोनकडे बघतच राहिल्या. "कौन?"

"अम्मी, मैं जाकीर."

"फिरसे बोल."

"जाकीर बोल रहा, अम्मी. क्या हुआ?"

भाभी माझ्याकडे वळल्या आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, "कोकिळाबाई, हा तं माहाच आहे व!" आणि मग त्यांनी त्याला जे झापायला घेतलं! खात नाहीस, झोपत नाहीस, आवाज का बसलाय, गरम कपडे घालतोस का (कुवेतात!). त्याला मधे बोलायला फटच मिळेना. शेवटी तो म्हणाला, "अम्मी, कब से बोल रहा हूँ, छुट्टी पंद्रह दिन की नहीं, पूरे महीने की मिली! तारीख पकडो फिजा की!" अंगणात एकदम कल्ला झाला. त्याच वाक्यातले चांगले शब्द तेवढे पडत होते दादा, आणि वाईट तेवढे पोचत होते. फिजाच्या हातात फोन दिला, तिने "भाईजान" म्हटलं आणि पुढे हुंदकेच. पलीकडून तो म्हणत राहिला, "फिजा, आवाज नहीं आ रही." खरंच येत नव्हता. ती बोलतच नव्हती.

इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण जाकीर म्हणाला, "अब्बा, मेरी गाडी सुनाओ ना." त्याची मोटारसायकल हो, जीव की प्राण. रोज फोनवर तिचा आवाज ऐकायचा म्हणे. रहेमतुल्लाभाई घाईघाईने म्हणाले, "बेटा, आवाज नहीं आ रही, टूट रहा है!" आणि सगळं अंगण एका सुरात ओरडलं, "येऊन राह्यला! येऊन राह्यला!" बिचाऱ्यांनी आमच्या अंगणात उभी असलेली तुमच्या जावयांची गाडी गुपचूप किक मारून चालू केली. मग जाकीर म्हणाला, "अब्बा, ये किसकी है? ये मेरी का सायलेन्सर नहीं."

भाभींनी मान वळवली. "गाडी तं संग्रामपूरले मिस्त्रीजवळ हाय म्हणे ना?" गाडी दिवाळीतच विकली होती, फिजाच्या लग्नासाठी. यंदाचा कापूस डागी, गाद्या कोण भरणार? आणि तेव्हापासून हे गृहस्थ "इधर टॉवर नहीं पकडता" म्हणून फोन घेऊन गल्लीत जायचे आणि दुसऱ्यांच्या गाड्या ऐकवायचे. डब्यातल्या खड्यांच्या आवाजात सगळ्या गाड्या सारख्याच. रहेमतुल्लाभाई मान खाली घालून उभे. मग जाकीर हसला, आणि तो हसला हे सगळ्या गावाला ऐकू आलं. म्हणाला, "बेच दी तो बेच दी अब्बा, फिजा के लिए ही ना. पर वो पिछले हफ्ते ट्रॅक्टर क्यूँ सुनाया?"

नाजिशने कामाला चुकू नये म्हणून भाभींना विचारलं, चाची, पाचपैकी किती? भाभी म्हणाल्या, "आवाजाले पाच. पोराले पाच. नवऱ्याले शून्य." नाजिश म्हणाली, शून्य नसतो चाची, कमीत कमी एक. भाभींनी रहेमतुल्लाभाईंकडे पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मंग एक दे."

आता टॉवरवर नवीन पेटी बसली आहे, संध्याकाळीही आवाज स्वच्छ येतो, आणि गावाची पंचाईत झाली आहे. कडूबांनी जावयाला "तुटून राह्यलं" म्हटलं, तर जावई म्हणाला, "मले तुमच्या बैलाची घंटीबी ऐकू येऊन राह्यली." बैल गेला. फिजाची तारीख धरली. नाजिश धामणगाव बढेकडे गेली आणि तुमच्या जावयांना सोबत घेऊन गेली, जीपवर कामाला. रात्री घरी येतात आणि इतकं बोलतात, इतकं बोलतात, की मीच कधी कधी म्हणते, "पुरे."

मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या गालांना हात, आणि तुम्हाला दोन्ही.

तुमची,
कोकिळा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. मायला चार महिने माझ्याकडे पाठवा. हे मी फोनवर म्हटलं की तुम्ही "हॅलो, हॅलो, कोकिळा, कटून राह्यलं" म्हणता आणि ठेवता. जाण्याआधी मी नाजिशकडून तुमचाही फोन मापून घेतला. पाचपैकी साडेचार, दादा. कंपनीच्या कचेरीतही इतका येत नाही म्हणे. तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं: कोकिळेचं यंदा पिकलं नाही, त्यात मायचं कशाला. पण अळीने कापूस खाल्ला, घरात ज्वारी आहे, तूर आहे, म्हैस व्यायली आहे, आणि सासूबाईंना भांडायला कुणीतरी तोलाचं हवं आहे.

ता. क. दुसरा. वरचं तुमच्या परवानगीसाठी लिहिलं आहे असं समजू नका. मायने परवा तुमच्या शेजारणीच्या फोनवरून मला सगळं सांगितलं, आवाज अगदी स्वच्छ होता. ती बुधवारच्या पहिल्या एस. टी.ने निघते आहे. हे पत्र बुधवारच्या आधी मिळालं तर तिची पिशवी स्टँडपर्यंत उचला, जड आहे, त्यात वहिनींचा खलबत्ताही आहे. नंतर मिळालं, तर स्वयंपाकघरात डोकावून बघा.